नीओव्हिम आणि क्लँगडी: काही महिने वापरल्यावर

सी++चा जुना, पसरलेला कोड सांभाळताना लिहिण्यापेक्षा 'हे फंक्शन आहे तरी कुठे?' यातच जास्त वेळ जातो. आतापर्यंत नीओव्हिम या एडिटरमध्ये सीटॅग्जवर, म्हणजे कोडमधल्या नावांची यादी बनवणाऱ्या टूलवर, भागत होतं. नावावर कर्सर, कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस, की डेफिनिशन, म्हणजे ते फंक्शन प्रत्यक्ष लिहिलंय ती जागा, समोर. पण सीटॅग्ज नाव ओळखतं, टाइप नाही. 'इनिट' नावाची फंक्शन्स ढीगभर असली की त्यातलं नेमकं कुठलं, ते आपणच शोधायचं.

क्लँगडी हे एडिटरला कोडची माहिती पुरवणारं टूल (लँग्वेज सर्व्हर) कंपायलरसारखा कोड वाचतं, त्यामुळे नेमका ओव्हरलोड (एकाच नावाच्या फंक्शन्सपैकी हवं ते) सापडतो. शिवाय नवीन कळा शिकाव्या लागल्या नाहीत. लँग्वेज सर्व्हर जोडला गेला की नीओव्हिम तीच जुनी कळ आधी त्याच्याकडे नेतं, तिथे काही मिळालं नाही तर टॅग्जची फाइल बघतं. कंट्रोल-टीने परत. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं खोल गेल्यावर त्याच पावली मागे येता येणं मला उडीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

खरी मेहनत सुरुवातीची. प्रत्येक फाइल कुठल्या फ्लॅग्जनी (कंपायलरला दिलेल्या सूचनांनी) कंपाइल होते हे क्लँगडीला कंपाइल_कमांड्स.जेसॉन या फाइलमधून कळतं. बिल्डसाठी सीमेक हे टूल असेल तर एक पर्याय चालू केला की ती आपोआप बनते. साधी मेकफाइल असेल तर 'बेअर' नावाच्या टूलमधून बिल्ड चालवावी लागते. ही फाइल नसली की हेडर सापडत नाहीत, सगळीकडे लाल रेघा, आणि लोक म्हणतात क्लँगडी बिघडलंय! पहिल्यांदा इंडेक्स (सगळ्या कोडची सूची) बनताना मशीन तापतं ते वेगळंच. नंतर इंडेक्स डिस्कवर राहतो, तेव्हा रोजचा त्रास नाही.

बेस क्लासच्या पॉइंटरमधून बोलावलेल्या व्हर्च्युअल फंक्शनवरून (ज्याची वेगळी आवृत्ती पुढचे क्लास लिहू शकतात) डेफिनिशनला गेलात तर बेस क्लासमध्ये पोचता. तिथे 'इम्प्लिमेंटेशन'ची वेगळी कमांड वापरायची. फंक्शन पॉइंटरच्या बाबतीत तर पॉइंटरचं डिक्लरेशन दिसतं, त्यात कुठलं फंक्शन भरलंय ते 'रेफरन्सेस' काढून स्वतः वाचायचं. रन करताना ठरणारी गोष्ट एडिटर कुठून सांगणार?

सीटॅग्ज मात्र काढलेलं नाही. इफडेफमधला (अट जुळली तरच कंपाइल होणारा) दुसऱ्या प्लॅटफॉर्मचा कोड माझ्या बिल्डमध्ये येत नाही, म्हणून क्लँगडी तो वगळतं. सीटॅग्जला बिल्डशी देणंघेणं नसल्याने तिथली फंक्शन्स बहुतेक वेळा त्यातच सापडतात. त्यामुळे गिटमधून नवीन कोड ओढला की टॅग्ज पुन्हा बनवणारी स्क्रिप्ट अजून चालू ठेवली आहे.