बोर्ड खरा, शेत खरं, कोर्स मात्र खोटा: बीएस्सी ॲग्रीला प्रवेश घेण्याआधी वाचा

बीएस्सी ॲग्रीच्या नावाखाली माझी आणि माझ्या अख्ख्या वर्गाची फसवणूक झाली. चौकशी अजून चालू आहे, म्हणून कॉलेजचं नाव देत नाही. पण फसवलं कसं ते सविस्तर सांगतो, कारण ती पद्धत आधीच ओळखता येते.

बोगस कॉलेज म्हटलं की दोन खोल्या आणि एक पाटी डोळ्यांसमोर येते. आमचं तसं नव्हतं. गावाबाहेर ऐसपैस जमीन, विहीर, ठिबक, शेडनेट, गोठा. गेटवर 'कृषी विद्यापीठाशी संलग्न' असा बोर्ड, आणि तो बोर्ड खोटा नव्हता! त्या संस्थेचं दहावीनंतरचं कृषी पदविकेचं विद्यालय खरोखरच विद्यापीठाच्या मान्यतेनं चालू होतं. त्याच आवारात, त्याच बोर्डाखाली चार वर्षांच्या पदवीचे प्रवेश घेतले गेले, आणि पदवीला मान्यता नव्हतीच. आपण 'कॉलेजला मान्यता आहे का' एवढंच विचारतो. मान्यता मिळते ती एकेका अभ्यासक्रमाला, तीही ठरलेल्या प्रवेशसंख्येपुरती. आम्हाला याच फटीतून लुटलं.

कॅपचे, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे, राउंड चालू होते. ओळखीतल्या एका सरांनी वडिलांना गाठलं. "राउंडच्या भरवशावर राहू नका. मॅनेजमेंटच्या जागा भरत आल्यात, आज पैसे भरा, जागा धरून ठेवतो." कांदा विकून जे पैसे आले होते त्यातूनच वडिलांनी दिले. जी पावती मिळाली ती संस्थेच्या नावाची, वर 'विकास निधी' असं पेनानं लिहिलेलं. अभ्यासक्रमाचं नाव नाही, शैक्षणिक वर्ष नाही. बाकीची रक्कम रोख घेतली, तिची पावतीच नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका त्याच दिवशी जमा करून घेतल्या. वडिलांनी मान्यतेबद्दल विचारलं तर ऑफिसमधल्या माणसानं भिंतीवरची फ्रेम दाखवली. ते धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. ती नोंदणी संस्थेची असते, पदवीशी तिचा काडीचाही संबंध नाही. साध्या शेतकऱ्याला शिक्का आणि सही दिसली की तो गप्प बसतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

व्यवस्थापन कोटा, म्हणजे ते सर म्हणत होते त्या मॅनेजमेंटच्या जागा, ही संस्थेची खासगी मालमत्ता नव्हे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांसाठी २०१५ चा कायदा आहे. त्या जागाही गुणवत्तेवरच भरायच्या असतात आणि प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. प्रवेशासाठी देणगी उकळायला तर राज्यात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे.

संशय यायला वेळ लागला, कारण शिकवणं खरं होतं. मृदाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आम्ही खड्डा खणून मातीचे थर मोजले. प्रत्येकाला वाफा दिला होता. पेरणी, विरळणी, नोंदवही, सगळं आमचं आम्ही केलं. कीटकसंग्रहाची पेटीही केली, आत थर्माकोल, टाचण्या आणि कोपऱ्यात डांबरगोळी. शिकवणारे पदविकेचेच सर होते आणि मन लावून शिकवायचे. त्यांच्यावर माझा राग नाही.

पहिली खूण दिसली महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना संस्थेचं नाव सापडलं, पण पुढे अभ्यासक्रमांच्या यादीत फक्त पदविका. ऑफिसचं उत्तर, "साइट अपडेट व्हायचीय." मग सेमिस्टरची परीक्षा आली. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात शिकणाऱ्या मित्राच्या हॉल तिकिटावर त्याचा नोंदणी क्रमांक होता, विद्यापीठाचं वेळापत्रक होतं. आमची परीक्षा वेगळ्याच तारखांना, कॉलेजनं छापलेल्या पेपरवर. नंबर विचारला की "येतोय, येतोय."

शेवटी मी आणि वडील विद्यापीठात गेलो. तिथल्या बाईंनी यादी काढून आमच्यासमोर बोट फिरवलं. पदविका होती. पदवीच्या यादीत त्या कॉलेजचं नावच नव्हतं. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी यादीचा फोटो काढायला सांगितला. पुढे तोच फोटो तक्रारीला जोडला.

ज्यांचं ठरायचं आहे त्यांनी हेच काम पैसे भरण्याआधी करावं. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. ज्या विद्यापीठाचं नाव सांगितलं जातं, त्याच्या यादीत कॉलेजच्या नावापुढे 'बीएस्सी (ऑनर्स) कृषी' आणि चालू वर्षाची प्रवेशसंख्या आहे का ते बघा. सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, प्रवेश प्रक्रियेत ते कॉलेज दिसतं का तेही बघा. 'मान्यता प्रस्तावित आहे' याचा अर्थ आज मान्यता नाही. १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्यानुसार पदवी विद्यापीठ देतं; विद्यापीठाकडे तुमचं नावच नसेल तर चार वर्षं राबूनही हातात काही पडत नाही. बँकेच्या कृषी अधिकारी पदाला, कृषी सेवेच्या परीक्षेला तो कागद चालत नाही.

पैशांपेक्षा जास्त छळलं ते कागदपत्रांनी. दाखला मागितला तर "चारही वर्षांची फी भरा आणि घेऊन जा." मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत, असं यूजीसीनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. त्याचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, एक प्रत विद्यापीठाला आणि एक पोलीस ठाण्यात. त्यानंतर कागद सुटले. पावतीची रक्कम परत मिळाली, रोख दिलेल्या पैशांचा मात्र पुरावाच नव्हता. मी पुन्हा सीईटी दिली आणि आता मान्यता असलेल्या कॉलेजात आहे. आमच्या वर्गात पहिली येणारी मुलगी मात्र घरी बसली. घरच्यांनी पुन्हा एक वर्ष द्यायला नकार दिला. तिच्या वर्षाची भरपाई कोण करणार, हे मला त्या संस्थाचालकांना समोरासमोर विचारायचं आहे.

तुम्ही अशाच कॉलेजात असाल, नोंदणी क्रमांक अजून मिळाला नसेल, तर मूळ कागदपत्रं परत मागणारा लेखी अर्ज आजच कॉलेजला द्या आणि आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. पुढच्या सीईटीची नोंदणी बंद व्हायच्या आत दाखला हातात आला पाहिजे, त्या हिशेबानं घाई करा.