आल्प्सच्या उतारांसाठी ब्रेक पॅड: ऑरगॅनिक की सिंटर्ड?

फ्रान्समधल्या मोर्झिन–ले जे भागात उन्हाळ्यात लिफ्टने सायकल वर न्यायची आणि दिवसभर उतरायचं. इथे ब्रेकला सर्वांत जास्त छळते ती उष्णता.

ऑरगॅनिक म्हणजे रेझिनने बांधलेले पॅड. ते थंड असतानाही छान पकडतात, आवाजही कमी. पण लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला की त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते. पावसात चिखलातली बारीक वाळू त्यांना झपाट्याने झिजवते.

सिंटर्ड पॅड धातूच्या भुकटीचे. उष्णता आणि चिखल दोन्ही सोसतात. मात्र गार असताना पकड कमी, ओले झाले की किंचाळतात, आणि कॅलिपरकडे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जास्त उष्णता पोचते. म्हणून त्यातलं ब्रेक फ्लुइड ताजं हवं. ‘फक्त रेझिन पॅड’ (म्हणजे ऑरगॅनिक) असं कोरलेल्या डिस्कवर ते मुळीच लावू नका, डिस्क लवकर झिजते.

पूर्ण हंगामासाठी आमची पसंती निःसंशय सिंटर्ड, तीही २०३ मिमी डिस्कवर. ऑरगॅनिकवरून बदलताना डिस्कला बारीक पॉलिशपेपर मारा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मध्यम वेगापासून चालीच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावा. चाक लॉक होऊ देऊ नका. शिमानो कंपनीच्या पॅडचं अस्तर (घासला जाणारा थर) ०.५ मिमी उरलं की पॅड बदला.