पोर्शे ९११ कॅरेरा ३.२ : काही महिन्यांच्या वापरानंतर

१९८६ सालची कॅरेरा ३.२ घेऊन आता बरेच महिने झाले. ऊन, पाऊस, थंडी, सगळ्यात चालवून झाली, म्हणून लिहितोय. सुरुवातीला ती मला फारशी आवडली नव्हती. पेडल जमिनीतून वर आलेली, क्लच जड, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. गाडी पार्क करताना खांदे बोलायला लागतात. गाडी थंड असताना दुसरा गिअर पटकन पडत नाही. या गाडीतल्या ‘९१५’ नावाच्या जुन्या गिअरबॉक्सचा हा स्वभावच आहे. न्यूट्रलला क्षणभर थांबायचं, मग दुसरा टाकायचा. १९८७च्या मॉडेलपासून ‘जी५०’ हा नवा गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा) क्लच आला. रोज गर्दीतून जायचं असेल तर सरळ तीच बघा.

आता मुद्द्याचं. ३,१६४ सीसीचं सहा सिलिंडरचं बॉक्सर (दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेलं) इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलंय. साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर. त्यामुळे वळणात जास्त वेगाने शिरलात की हलकं नाक सरळच जाऊ बघतं. तेव्हा घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर भार एकदम पुढे येतो, मागच्या टायरची पकड सुटू लागते आणि इंजिनाचं वजन शेपूट बाहेर ओढतं. पुढे इंजिन असलेल्या गाडीत जी सवय वाचवते, तीच इथे नडते.

म्हणून सगळं क्रमाने करायचं. ब्रेकचं मुख्य काम सरळ रस्त्यावर उरकायचं, शेवटचा थोडा दाब हलके सोडत नाक वळणात घालायचं, आणि लगेच हलकी रेस. जास्त नाही, फक्त गाडी मागच्या चाकांवर दबून बसेल इतकी. ती बसल्याचं कमरेला कळतं. मग वळण उघडेल तशी रेस वाढवत न्यायची. मागच्या चाकांवरच वजन असल्याने चाकं फिरत न बसता गाडी बाहेर झेपावते. हे एकदा अंगवळणी पडलं की २३१ अश्वशक्ती हा आकडा आजच्या मानाने किरकोळ आहे, हे आठवतही नाही. ओल्या रस्त्यावर मात्र मी आजही वळणात शिरण्याआधीच वेग निम्म्यावर आणतो. त्यात शूरपणा दाखवण्यासारखं काही नाही.

स्टिअरिंग हातात सतत वळवळत असतं. खड्डा, रस्त्याचा उतार, रंगवलेला पट्टा, सगळं जाणवतं. घट्ट धरून तिच्याशी भांडू नका, सैल धरा. ती आपली सरळ जाते.

टायरमधल्या हवेकडे लक्ष असू द्या. पुढे कमी, मागे जास्त, असा हिशेब आहे. एका गॅरेजने चारही टायरमध्ये सारखी हवा भरून दिली होती. पहिल्याच वळणाला गाडी परकी वाटली. तेव्हापासून हवा मी स्वतःच बघतो. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं झालं असेल तर बदला, या गाडीत तिथे काटकसर नको.

हीटर म्हणजे सायलेन्सरकडच्या गरम पाइपांभोवतून आणलेली हवा. इंजिनातून तेल झिरपत असेल तर त्याचा वास थेट आत येतो, त्यामुळे गाडी घेण्याआधी हीटर चालू करून नक्की बघा. एसी आहे, एवढंच म्हणता येईल.

तेलाचं वेगळं सांगावं लागतं. इंजिन हवेवर थंड होतं, पण बरीचशी उष्णता तेलच वाहून नेतं. सुमारे १३ लिटर तेल वेगळ्या टाकीत फिरत असतं. त्यामुळे पातळी बघायची ती इंजिन पूर्ण तापलेलं, चालू आणि गाडी सपाट जागेवर असताना. कुणी मदतीला आलं की आधी इंजिन बंद करायला सांगतं. ऐकू नका. बंद इंजिनात तेल मोजायची पट्टी कमी तेल दाखवते, आणि त्यावर विश्वास ठेवून वर ओतलेलं तेल नंतर धूर होऊन मागून निघतं.