सॅक घेताना पाठीकडची बाजू उघडून बघा

'साठ लिटर, ॲल्युमिनियम फ्रेम, पॅडेड कमरपट्टा, रेन कव्हर फ्री.' टॅगवर हे सगळं छापलेलं होतं आणि दुकानदारही तेच घडाघडा बोलत होता. कागदाचे बोळे कोंबून फुगवलेली सॅक त्याने माझ्या पाठीवर चढवली, आरशासमोर उभं केलं. रिकामी सॅक कुणालाही छानच बसते, आणि या लोकांचा धंदा त्यावरच चालतो.

ती घेतली. हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकला खिरेश्वरहून टोलारखिंडीकडे निघालो आणि पहिल्याच चढाला खांदे भरून आले. कमरपट्टा श्वास अडकेपर्यंत आवळला, तरी भार खांद्यांवरच. खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळ आहे, तिथे तर सॅक मला मागे खेचत होती.

घरी येऊन पाठीकडचं अस्तर उसवलं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या जागी पुठ्ठा, तोही घामाने लिबलिबीत झालेला! कमरपट्टा नुसत्या कापडाला टाचलेला. खांद्याच्या पट्ट्यावर जे छोटे बंद असतात, लोड लिफ्टर म्हणतात त्यांना, त्यांची दोन्ही टोकं त्याच पट्ट्यावर शिवलेली. म्हणजे निव्वळ शोभेला. खऱ्या सॅकमध्ये हे बंद फ्रेमच्या वरच्या टोकाला जातात. ओढले की सॅकचा माथा पाठीला लागतो. वजन फ्रेममधून कमरपट्ट्यात उतरतं आणि बराचसा भार कमरेच्या हाडांवर येतो. फ्रेमच नसेल तर पट्टा आवळून काय होणार?

मग टेप लावली. ५८ बाय ३० बाय २२ सेंटिमीटर. गुणाकार करून हजाराने भागा: ३८ लिटर. बाहेरचे कप्पे धरले तरी साठ कुठून होणार?

दुकानात गेलो तर 'वापरलेला माल परत नाही'. बिलावर फक्त 'बॅग, १ नग'. लिटर नाही, फ्रेम नाही, काही नाही. खोटं सगळं टॅगवर आणि बिल कोरं, ही खरी चलाखी. तेव्हा बिलावर वर्णन लिहून घ्या आणि टॅग फेकू नका. दुकानातच पाण्याच्या बाटल्या भरून आठ-दहा किलो वजन घाला, कमरपट्टा लावा आणि खांद्याचे पट्टे सैल सोडा. सॅक कमरेवरून घसरली, तर ठेवून द्या. वजन घालू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, टॅगचा फोटो जोडून तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. परवा त्या दुकानावरून गेलो तर तीच सॅक दारात टांगलेली दिसली. टॅग नवा आहे, आता ६५ लिटर.