घर मुलांच्या नावावर करायचं: बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र की मृत्युपत्र?

महाराष्ट्रात घरातल्या घरात मिळकत द्यायची असेल, तर आधी सूची क्र. 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू), मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा काढून नाव कोणाचं आहे ते पाहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

वडील हयात आहेत आणि फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या स्वकमाईचा आहे, तर हक्कसोडपत्र, म्हणजे सामाईक मिळकतीतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदारासाठी सोडण्याचा दस्त, चालत नाही. मुलीला त्यात हिस्साच नाही, मग वडील कोणाच्या बाजूने हक्क सोडणार? इथे बक्षीसपत्रच, म्हणजे मोबदला न घेता मिळकत देण्याचा दस्त, लागतं. राहती किंवा शेतीची मिळकत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा विधवा सून यांना दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. शहरात त्यावर बाजारमूल्याच्या टक्केवारीने अधिभार लागतो; तो धरला नाही तर ऐनवेळी खिसा कमी पडतो. भावाला दिली तर 3 टक्के. दुकानाचा गाळा मुलाला दिला तरी 3 टक्केच, कारण 200 रुपयांची सवलत गाळ्याला नाही.

बक्षीसपत्र नोंदलं की मालकी गेली. मन बदललं म्हणून ते एकतर्फी रद्द करता येत नाही. म्हणून देणाऱ्याचा सांभाळ आणि तहहयात राहण्याचा हक्क या अटी दस्तातच घाला. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 खाली (घेणाऱ्याने सांभाळ केला नाही म्हणून बक्षीसपत्र रद्द करून घेण्यासाठी) दाद मागताना त्याच उपयोगी पडतात. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. घेणाऱ्याचा स्वीकार देणाऱ्याच्या हयातीतच व्हावा लागतो, शिवाय दोन साक्षीदार हवेत. गृहकर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आधी घ्या.

वडील वारले, वारस नोंद झाली आणि बहिणींना हिस्सा नको असेल, तर हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीत, मोबदला न घेता, जवळच्या नात्यात केलं तर मुद्रांक 500 रुपये (ऑक्टोबर 2024 पूर्वी 200). पैसे घेतल्याचं दस्तात आलं की शुल्क खरेदीखताच्या दराने. नुसतं नोटरी केलेलं हक्कसोडपत्र फेरफाराला, म्हणजे महसुली नोंदीतलं नाव बदलायला, चालत नाही. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत.

मृत्युपत्राला मुद्रांक नाही, नोंदणीही ऐच्छिक, आणि हयातीत कितीदाही बदलता येतं. एकच घर असलेल्या आईवडिलांसाठी आमचा कल याच बाजूला आहे. मात्र लाभार्थी साक्षीदार नको आणि आजारपणात करत असाल तर डॉक्टरांचा दाखला जोडा, कारण पुढे वाद निघतो तो सहीवर आणि शुद्धीवर.

दस्त नोंदला तरी सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि महसुली नोंद आपोआप बदलेल असं धरून चालू नका. नोंदलेला दस्त आणि सूची क्र. 2 जोडून सोसायटीकडे वेगळा अर्ज द्या आणि फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात पाठपुरावा करा.