दोन मॅग्नेटो दिले, दीड परत आला

काम: टायगर मॉथ या आमच्या जुन्या विमानाच्या गिप्सी मेजर इंजिनाचे दोन्ही मॅग्नेटो (इंजिनाच्या प्लगना ठिणगीसाठी वीज पुरवणारी यंत्रं) पूर्ण ओव्हरहॉल करून घेणं. गुण: १० पैकी ५. पाच एका मॅग्नेटोचे, शून्य दुसऱ्याचं, इतका सरळ हिशोब. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, आमची बोलणी अजून पूर्ण मिटलेली नाहीत.

आधी चांगलं सांगते. सहा आठवड्यांचा वायदा होता, अकरा लागले. पण पार्सल उघडल्यावर राग निम्मा उतरला. लाकडी पेटी, दोन्ही मॅग्नेटो मेणकागदात गुंडाळलेले, प्रत्येकाला शिक्का मारलेला टॅग, आत वार्निशचा वास. आमच्या दोनपैकी एकाला इम्पल्स कपलिंग आहे. हाताने पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरवताना इंजिन फारच हळू फिरतं, तेव्हा हे कपलिंग मॅग्नेटोला क्षणभर अडवून धरतं आणि मग झटक्यात सोडतं; त्या झटक्याने जोरदार ठिणगी पडते. पूर्वी तो ‘टक्’ आवाज मेलेला होता आणि दादाचे खांदे भरून यायचे. ओव्हरहॉलनंतर दुसऱ्याच हिसक्याला इंजिन सुरू. या मॅग्नेटोबद्दल माझी तक्रार नाही, पुढेही असणार नाही.

दुसरा, साधा मॅग्नेटो. जमिनीवर तोही गुणी बाळ. एकेक मॅग्नेटो बंद करून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) किती पडतात ते बघायचं असतं; दोन्हीकडे मर्यादेत. नंतर तीन तास आरामात उडालो, कुठे खट्ट नाही. मग शर्यत आली.

जुन्या विमानांच्या हँडिकॅप शर्यतीत सगळ्यात हळू विमान सगळ्यात आधी सोडतात, म्हणजे हिशोब बरोबर असेल तर शेवटच्या रेषेवर सगळे एकदमच यावेत. १९२२ साली सुरू झालेली किंग्ज कप शर्यत याच पद्धतीची. १९३३ मध्ये जेफ्री डी हॅविलंड यांनी स्वतः लेपर्ड मॉथ उडवून ती जिंकली, आणि त्या विमानातही गिप्सी मेजरच होतं. तर टायगर मॉथ पहिल्या काही विमानांत सुटतं, आणि सुटल्यापासून शेवटपर्यंत थ्रॉटल पूर्ण उघडा. एरवी या म्हाताऱ्याला असं कुणी पळवत नाही.

दादा मागच्या सीटवर (टायगर मॉथ एकट्याने उडवायचं झालं तरी मागूनच उडवतात), मी पुढे नकाशा मांडीवर घेऊन. माझ्या डोक्यावर, वरच्या पंखाच्या मधोमध, १९ गॅलन पेट्रोलची टाकी. तिसरं वळण घेऊन सरळ झालो आणि ‘फट्’. वाटलं, पक्षी आदळला. मग फट्-फट्, आणि अख्खं विमान खडखडायला लागलं. पंखांमधल्या तारा नजरेसमोर दोन-दोन दिसत होत्या. आरपीएमचा काटा २२०० वरून १७०० वर, परत वर, परत खाली. तेलाचा दाब मात्र ४२ वर शांत बसलेला.

दादाने थ्रॉटल मागे घेतला आणि खडखड जवळजवळ थांबली. परत उघडला, परत फटाके. हे लक्षात ठेवा, सगळी गोम त्यातच आहे.

आम्ही जेमतेम पाचशे फुटांवर, आणि मागून आमच्यापेक्षा वेगवान विमानं येणार हे ठरलेलंच. दादाने मान वळवून उजवीकडे बघितलं, मग वेग खर्चून विमान वर खेचत मार्गाबाहेर काढलं. मॅग्नेटोचे स्विच टायगर मॉथमध्ये कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला असतात, म्हणजे पंखा फिरवणाऱ्याला दिसावेत म्हणून. पुढे एक जोडी, मागे एक जोडी. कुठूनही बंद करता येतो. माझा हात तिकडे गेलेला. बोलायच्या नळीतून ओरडले, “दादा, एकेक बंद करून बघू?”

“थांब गं! आधी शेत मिळू दे.”

बरोबर होतं त्याचं. स्विचमुळे इंजिन पूर्ण बंद पडलं तर खाली उतरायला जागा हवी, आणि ती आधी हवी. डावीकडे कापणी झालेलं शेत दिसलं, पलीकडच्या कडेला विजेच्या तारा. तो त्याच्या भोवती फिरायला लागला, रेडिओवर पॅन कॉल (अडचणीत असल्याचा तातडीचा संदेश) दिला, थ्रॉटल कमी केला.

“आता. इम्पल्सवाला.”

बंद केला. इंजिनाने असे काही आचके दिले की मी स्विच परत वर टाकला तो तळहाताने, बोटांनी नाही.

“साधा.”

बंद केला, आणि सगळं गुळगुळीत. दादाने हळूहळू थ्रॉटल उघडला. थोडे आरपीएम कमी, बाकी काही नाही. एका मॅग्नेटोवर विमान छान उडतं. दोन असतात ते त्याचसाठी. मी नळीतून विचारलंही, उरलेली दोन वळणं मारू या का म्हणून. उत्तर आलं नाही. सात मिनिटांनी जवळच्या धावपट्टीवर उतरलो.

तिथल्या मेकॅनिकने साध्या मॅग्नेटोचं झाकण काढलं, डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाचा) बेकेलाइट ब्लॉक उजेडाकडे धरला आणि न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. दोन पितळी टोकांच्या मध्ये एक रेघ. कुणी टोकदार पेन्सिलने ओढावी तेवढी बारीक, मध्ये जरा नागमोडी. स्पिरिटच्या फडक्याने पुसली, गेली नाही. नखाने वार्निश खरवडलं तर रेघ त्याच्या खाली. म्हणजे भेग जुनी, त्यातून ठिणगी पळून पळून जळलेली, आणि त्यावर नवीन वार्निशचा हात मारून ब्लॉक परत बसवलेला. इतका सुंदर हात की दाद द्यावी.

मग जमिनीवर का नाही कळलं? पूर्ण थ्रॉटलला सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि जितका दाब जास्त तितका प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतो. वीज आळशी असते. प्लगमधून उडी मारण्यापेक्षा तिला त्या जळक्या रेघेवरून शेजारच्या टोकाला जाणं सोपं पडलं, आणि ठिणगी भलत्याच सिलिंडरला, भलत्याच वेळी मिळाली. थ्रॉटल मागे घेतला की दाब कमी, वीज परत आपल्या वाटेला. वर्कशॉपच्या बेंचवर तो मॅग्नेटो गार असताना आणि सोप्या फटीवर फिरवला असणार, दुसरं काही संभवत नाही. टॅगवर ‘चाचणी झाली’ एवढंच लिहिलंय. कसली चाचणी, किती वेळ, गरम की गार, काही नाही.

फोन केला तर पहिलं उत्तर, “मॅडम, तुमच्या प्लगच्या वायरी बघा.” वायरी बघितल्या, ठीक निघाल्या. फोटो पाठवले. नऊ दिवस शांतता. मग एक पोक्त आवाजाचे गृहस्थ बोलले. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं की नवा ब्लॉक मिळत नव्हता, म्हणून जुनाच साफ करून लावला. हे आधी सांगितलं असतं तर मी दुसरीकडून शोधला असता, किंवा शर्यतीला नाव दिलं नसतं. ब्लॉक फुकट बदलून दिला, जाण्यायेण्याचं भाडं मात्र आमच्या माथी. बोलणी अडलीत ती तिथेच.

तुम्ही यांच्याकडे काम देणार असाल तर द्या, इम्पल्स कपलिंगसाठी तर जरूर द्या. फक्त कोणते भाग नवे घातले आणि कोणते जुनेच ठेवले याची यादी लिहून मागा, आणि गरम असताना किती वेळ चालवून बघितला तेही.

मॅग्नेटो परवा परत आला. तीच लाकडी पेटी, तोच मेणकागद. टॅगवर लिहिलंय ‘ब्लॉक बदलला’, आणि तेही पेन्सिलीने. ग्राफाइटमधून वीज जाते, म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या आत पेन्सिलची खूणही करू नये म्हणतात. दादा म्हणाला, अगं, टॅगवर आहे ती, आत नाही. तरी मी झाकण उघडून, भिंग लावून बघितलं.