ताज्या फळांचा सोडा घरी: हाताने दाबायचं मशीन, काही महिन्यांच्या वापरानंतर

हे परीक्षण एक लिटरच्या बाटलीच्या, वीज न लागणाऱ्या साध्या मशीनचं आहे. मशीन चांगलंच आहे, तक्रार करण्यासारखं फार नाही. पण सोडा नाकात झिणझिण्या आणणारा होतो की मिळमिळीत, हे मशीनपेक्षा पाण्यावर आणि फळाच्या पाकावर जास्त ठरतं.

आधी पाणी. ५ अंशांच्या पाण्यात २५ अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड विरघळतो. त्यामुळे बाटली खुणेपर्यंत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. ऐन वेळी बर्फ घालून गार केलेलं पाणी चालत नाही, बर्फाच्या कडांवर बुडबुडे धरतात आणि गॅस उडून जातो. एक लांब दाब देण्यापेक्षा सेकंदभराचे तीन-चार दाब द्यावेत, मध्ये पाच-सहा सेकंद थांबावं. पहिल्या दाबानंतर बाटली जराशी सैल करून वरची हवा जाऊ दिली की पुढचा गॅस नीट मुरतो. झडपेचा भर्रर्र आवाज आला की पुरे. त्यापुढचा गॅस नुसता बाहेर जातो.

मशीनमध्ये फक्त साधं पाणी घालायचं, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि तरी मोह होतोच. रसातले गराचे कण आणि पेक्टिन (फळातला दाटपणा आणणारा घटक) फेस धरून ठेवतात. बाटली काढताक्षणी अर्धा रस ओट्यावर येतो, उरलेला नळीत आणि झडपेत सुकून चिकटतो. ही झडप जादा दाब सोडण्यासाठी असते, तीच चिकटली तर प्रश्न चवीपुरता राहत नाही.

खरी मेहनत पाकाची. स्ट्रॉबेरीसाठी अर्धा किलो फळाच्या चकत्या आणि २५० ग्रॅम साखर एकत्र करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. साखर रस ओढून घेते, सकाळी तो पातळ फडक्यातून आपोआप गळू द्यायचा. फडकं पिळायचं नाही! पिळलं की गर उतरतो, आणि ग्लासात सोडा ओतताच जाड फेसाचा थर वर येऊन बसतो, खाली पेय सपाट. शिजवला तर जॅमचा वास येतो. अननसाचं नेमकं उलटं: कच्चा रस भयंकर फेसाळतो, म्हणून एक उकळी आणून वरचा फेस काढायचा, गाळायचा, मग त्यात साखर.

संत्र्याचा रस मुळात पातळ. चव येईल इतका घातला की सोडाच पातळ होतो. इथे सालं कामी येतात. चार संत्र्यांच्या सालीचा फक्त नारिंगी भाग सोलून (पांढरा आला की कडवटपणा) २०० ग्रॅम साखरेत चुरडायचा आणि चार-पाच तास झाकून ठेवायचा. साखर तेलाने ओलसर दिसायला लागते. तेवढाच, २०० मिली रस त्यात ढवळून साखर विरघळवायची आणि गाळायचं. सगळ्या पाकांत हा सर्वांत सरस. कलिंगडाच्या वाटेला जाऊ नये, नुसतं पाणी.

प्रमाण: २०० मिली सोड्याला ४० मिली गार पाक. सोड्याला स्वतःचा आंबटपणा असतो, म्हणून लिंबू सरबताच्या अंदाजाने पिळू नये. तेही पाकात साठवून न ठेवता आयत्या वेळी घालावं, पिळलेला रस पडून राहिला की चव उतरते. मीठ हवं असेल तर ते पाकातच विरघळवावं. वरून भुरभुरलं की प्रत्येक कणाभोवती बुडबुडे उठतात आणि ग्लास उतू जातो. पाक तळाशी, सोडा ग्लासच्या कडेने, चमचा खालून वर एकदाच. बर्फ हवाच असेल तर आधी पाण्याने धुऊन घ्यावा, वरचा खरखरीत तुषार गेला की फेस कमी येतो.

‘साठ लिटर’ लिहिलेल्या सिलिंडरात साधारण ४०० ग्रॅम गॅस असतो. कडक सोड्याला लिटरमागे १० ग्रॅम सहज जातात, म्हणजे प्रत्यक्षात ४० लिटर धरा. आत गॅस द्रवरूपात असल्यामुळे शेवटपर्यंत जोर तसाच राहतो आणि मग एकदम संपतो. किती उरलाय ते दाबावरून कळत नाही. नवा आणला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून अंगावर लिहून ठेवायचं, पुढे वजाबाकी. मशीन उभंच ठेवूनच दाबायचं. आडवं-तिरपं झालं तर द्रव झडपेत येऊन गोठतो.

सिलिंडर बदलल्यावर सुस्स असा बारीक आवाज येत राहिला, तर आधी तोंडाशी असलेला रबरी वायसर पाहावा. तो बहुधा जुन्याबरोबर निघून आलेला असतो किंवा दुमडलेला असतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या कोमट पाण्यानेच धुवाव्यात, गरम पाण्याने त्या आक्रसतात आणि मग दाब सहन करण्याचा भरवसा राहत नाही. बाटलीवर वापराची मुदत छापलेली असते. ती संपली की बाटली दिसायला कितीही धड असली तरी मशीनला लावू नये, फार तर पाणी प्यायला ठेवावी.